त्रेचाळीस ओळी

आमच्या भागात दोन पिकं बारमाही येतात. एक ऊस आणि दुसरा सत्कार. उसाला निदान पाणी पाजावं लागतं, खत घालावं लागतं, तोडीसाठी कारखान्याच्या चिटबॉयच्या मागं फिरावं लागतं. सत्काराला नुसतं निमित्त पुरतं. सोसायटीचा चेअरमन झाला, सत्कार. पोरगं भरतीत लागलं, सत्कार. पुढाऱ्याचा वाढदिवस आला तर वेशीवर हा मोठा बॅनर, आणि त्याच्या तोंडाखाली शंभर शुभेच्छुकांची तोंडं. मलाही दोन-चार गोष्टी छापून आल्यामुळं सत्काराचा प्रसाद मिळालेला आहे. घरी लाकडी पेटीत अकरा शाली पडल्यात. त्यातली एकही अंगावर घेऊन थंडीत रात्रीच्या लाईटीला मोटर चालू करायला जाता येत नाही. त्याला आपलं घोंगडंच लागतं.

त्यामुळं गेल्या उन्हाळ्याच्या शेवटी मंडळाची पोरं घरी आली आणि "तात्या, सत्काराचा कार्यक्रम ठेवतूय," म्हणाली तेव्हा मला फारसा आनंद झाला नाही. पण विषय आमच्या कबड्डी मंडळाचा होता. १९७४ साली सुरू झालेल्या मंडळाला पन्नास वर्षं झाली होती. १५ जुलैचा दिवस पोरांनी धरला होता. कबड्डीमहर्षी बुवा साळवी यांचा तो जन्मदिवस, महाराष्ट्रात तो कबड्डी दिन म्हणून पाळतात आणि त्या दिवशी जुन्या माणसांची आठवण काढायची पद्धत आहे. पोरांचं म्हणणं एवढंच, की मानपत्रं मी लिहून द्यायची.

मी यादी बघितली. अकरा नावं होती. पाच जुने खेळाडू, सगळे कधी ना कधी कप्तान झालेले. दोन माजी सरपंच. तीन देणगीदार. आणि एक ठेकेदार, ज्यानं कार्यक्रमाला एकवीस हजार देऊ केले होते. हा ठेकेदार आमच्या गावचा नव्हता आणि कबड्डीशी त्याचा संबंध मला तरी ठाऊक नव्हता. आमच्या मैदानाच्या जागेवर व्यापारी गाळे बांधायचं घाटत होतं, तिथं मात्र त्याचं नाव कानावर आलं होतं.

"फक्कीवाले नाना कुठायत ह्यात?" मी विचारलं.

पोरं एकमेकांकडं बघायला लागली. त्यातलं एक म्हणालं, "तात्या, ते कधी खेळलेत?"

"न्हाई खेळले. म्हणूनच विचारतोय."

मी पोरांना सांगितलं, आठ दिवस द्या. मानपत्र लिहायचं तर माणसाला भेटल्याशिवाय लिहिता येत नाही. मी घरोघर जातो, मग यादीचं बघू. पोरांनी मान डोलावली. त्यांना वाटलं असणार, म्हातारं चहा प्यायला निघालंय.

*

आजच्या पोरांना कबड्डी म्हटलं की टीव्हीवरची लीग आठवते. २०१४ पासून ती चालू झाली आणि खेळाला पैसा आला, झगमगाट आला, हे चांगलंच झालं. मॅटवर बूट घालून खेळणारी पोरं बघितली की मलाही उभं राहावंसं वाटतं. पण कबड्डी काय टीव्हीनं जन्माला घातली नाही. १९३६ साली बर्लिनच्या ऑलिंपिकच्या वेळी अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळानं तिथं आपल्या खेळांची प्रात्यक्षिकं केली, त्यात कबड्डी होती. १९९० साली बीजिंगच्या आशियाई खेळात ती पदकाचा खेळ म्हणून आली आणि भारतानं सुवर्ण घेतलं. त्या दिवशी गावात पेढे वाटलेले मला आठवतात. वाटणाऱ्यांपैकी कुणी बीजिंग नकाशावर दाखवू शकला नसता, पण पदक मात्र सगळ्यांना आपल्याच घरात आल्यासारखं वाटत होतं.

आमच्या लहानपणी त्याला हुतूतू म्हणायचे. शाळा सुटली की कृष्णेच्या मळीत पोरांची झुंबड. रेषा पायानं ओढायची, आणि भांडणाचा निकाल आवाजानं लागायचा. मंडळ झाल्यावर खेळाला शिस्त आली. मी १९७६ ला दहावी झालो आणि पुढं शिकायची ऐपत नव्हती म्हणून रानात उतरलो. दिवसा रान, संध्याकाळी मैदान. संघात बारा गडी असतात. सात मैदानात आणि पाच बाहेर. त्या पाचातला शेवटचा मी. सात-आठ वर्षांत मी पुरे वीस सामनेही खेळलो नसेन. पण बाहेर बसणाऱ्याला एक फायदा असतो. आत खेळणाऱ्याला समोरचा गडी दिसतो, बाहेरच्याला सगळं दिसतं. पाण्याची बादली कोण आणतं, कपडे कोण राखतं, गॅसबत्तीत हवा कोण मारतं, हे मी बघत होतो. म्हणून यादीत काय कमी आहे ते मला लगेच कळलं.

*

पहिल्यांदा मी आबांकडं गेलो. आबा पोरांच्या यादीत होतेच. डावा कोपरा ही त्यांची जागा. चढाई करणारा बोनस रेषेकडं पाय टाकायला आला, की आबा खाली बसकण मारायचे आणि त्याचा घोटा धरायचे. एकदा घोटा हातात आला की दोन बैलांच्या ताकदीचा गडीसुद्धा मध्यरेषेला पोचायचा नाही. पंचवीस वर्षं त्यांनी घोटे धरले. त्यात किती जणांचे गुडघे त्यांच्या गुडघ्यावर आदळले त्याचा हिशेब कुणी ठेवला नाही. आता आबा काठी घेऊन चालतात. उजवा गुडघा वाकत नाही. रानात भांगलायला बसता येत नाही, म्हणून बांधावर खुर्ची टाकून सुनांना सूचना करतात आणि सुना त्यांचं ऐकत नाहीत.

मी म्हटलं, "आबा, तुमचा सत्कार हाय. मानपत्रात काय लिहू?"

आबा म्हणाले, "माझं कशाला लिवतोस? ह्या गुडघ्याचं लिव. खेळला त्योच. मी आपला त्याच्या मागनं पळालो."

हसलो दोघं. मग त्यांनी डॉक्टरचा कागद दाखवला. गुडघा बदलावा लागंल असं लिहिलेलं. कागद दोन वर्षांचा जुना होता. मी विचारलं, मग केलं का नाही? ते म्हणाले, "दोन उसाची बिलं गेली की त्याच्यात. एक पोरीच्या लग्नात, एक बोअरच्या खड्ड्यात. गुडघ्याचा नंबर यायचाय अजून."

तिथून उठताना मला वाटलं, या माणसाला आपण अडीचशे रुपयांची शाल देणार आहोत.

फक्कीवाले नाना वेशीजवळ राहतात. वय ऐंशीच्या आसपास. जन्मभर दुसऱ्याच्या रानात मजुरी केली. स्पर्धा म्हटली की आठ दिवस आधी नाना मैदानावर हजर. आधी मैदान नांगरून घ्यायचं, कुळवायचं, ढेकळं फोडायची. मग खडे वेचायचे. बोटाच्या पेराएवढा खडा राहिला तरी गड्याची पाठ सोलून निघते. नदीचा पोयटा आणून चाळणीतनं चाळून पसरायचा, कुजलेलं शेणखत आणि वखारीतला लाकडाचा भुसा मिसळायचा, पाणी मारायचं, वाळू द्यायचं, परत पाणी मारायचं. माती पायाखाली घट्ट पण पडल्यावर मऊ लागली पाहिजे. नाना त्याची परीक्षा कशी करायचे? स्वतः धाडकन पडून बघायचे. "लागलं न्हाई. खेळा आता," म्हणायचे.

मग आखणी. तेरा मीटर लांब, दहा मीटर रुंद. मध्ये मध्यरेषा. तिथून पावणेचार मीटरवर निदान रेषा, आणखी एक मीटर मागं बोनस रेषा. दोन्ही अंगाला एकेक मीटरचं राखीव क्षेत्र. शाळेचं तोंड नानांनी बघितलेलं नाही. पण त्यांच्याकडं एक सुंभाची दोरी होती आणि त्या दोरीवर गाठी मारलेल्या. वर्षामागून वर्षं नियम बदलले तशा गाठी सरकल्या. पंच पट्टी घेऊन मोजायचा आणि दरवेळी मान हलवायचा. चुन्यानं कातडी भाजते म्हणून नाना चुन्याला हात लावू द्यायचे नाहीत, फक्कीच पाहिजे. २००५ च्या महापुरात मैदानावर चिखलाचा थर बसला. २०१९ ला तर त्याहून मोठा. लोक आपापली घरं धूत होते, भांडी-अंथरुणं उन्हात टाकत होते, आणि पंचाहत्तरीचे नाना खोरं घेऊन मैदानातला गाळ ओढत होते. मी म्हटलं होतं, "नाना, घर बघा आधी." त्यांनी मान वर न करता सांगितलं, "घर बघायला म्हातारी हाय. हितं कोण हाय?"

नानांना सत्काराचं सांगितलं तर ते गडबडले. म्हणाले, "त्या दिवशी कामाला जायचं आसंल तर? आन् स्टेजवर मी काय करू? मला काय येतंय?"

*

पुढचं घर पोस्टमन अण्णांचं. मंडळाचा जमाखर्च यांनी सांभाळला. एका ट्रंकेत एकोणचाळीस वह्या निघाल्या. कुणी पाच रुपये दिले, कुणी पायलीभर ज्वारी दिली, कुणी ट्रॅक्टर दिला आणि डिझेलचे पैसे घेतले नाहीत, सगळं लिहिलेलं. "रॉकेल गॅसबत्तीसाठी", "लिंबू, साखर", "पाहुण्या संघाच्या गड्याचा हात मोडला, हाडवैद्याकडं नेला, भाडं." अशी एकेक ओळ वाचताना सगळं गाव डोळ्यांपुढून गेलं. गॅसबत्तीची ती सूं-सूं, तिच्याभोवतीचे किडे, ट्रॉलीत उभं राहून रात्रीचं परगावी जाणं, जिंकलेली ढाल मांडीवर घेऊन पहाटे परत येणं.

वह्या चाळता चाळता एका वहीच्या पुठ्ठ्यात घडी घातलेला कागद सापडला. ग्रामपंचायतीच्या ठरावाची नक्कल होती, शिक्क्यासकट. देवळामागची पडीक जागा तरुणांच्या खेळासाठी राखून ठेवावी, असा तो जुना ठराव. मी अण्णांकडं बघितलं. अण्णा शांतपणे म्हणाले, "मला ठाऊक हाय तो कागद. कुणी इचारलंच न्हाई."

माझ्या मते या एका वाक्यात आमच्या गावाचा निम्मा इतिहास आला.

आक्कांकडं गेलो तेव्हा त्या ज्वारी पाखडत होत्या. आक्का म्हणजे आमच्या पहिल्या कप्तानाची बायको. स्पर्धा भरायची तेव्हा तीस-तीस संघ यायचे. त्यांचं जेवण गावाकडं. घरटी वीस भाकरी असा नियम. आक्का पाटी घेऊन गल्लीगल्लीतून भाकरी गोळा करायच्या, मोजायच्या, कमी पडल्या तर स्वतःच्या चुलीवर थापायला बसायच्या. सोबत मटकीची उसळ आणि ठेचा. रात्री दोनला शेवटचा संघ जेवून उठला की मग आक्का जेवायच्या.

मी विचारलं, "आक्का, तुमच्या आठवणीतली सगळ्यात भारी मॅच कुठली?"

त्यांनी सूप थांबवलं. "मॅच? आरं, मी कुठं बघिटली मॅच? खेळ चालू आसंल तवाच भाकरीची येळ. वराडल्याला आवाज यायचा तेवढाच. आवाजावनं कळायचं, आपला गडी बाद झाला का त्येंचा."

पन्नास वर्षं जिच्या भाकरीवर स्पर्धा चालली, तिनं एकही सामना बघितलेला नव्हता. मी वहीत लिहून घेतलं. माझ्याकडून दुसरं काही बोलणं झालं नाही.

*

एका घरी जायला मला दोन दिवस लागले. वाट पायाखालची होती, पण पाय निघत नव्हता. आमच्या संघाचा सगळ्यात मोठा चढाईपटू वस्तीतला होता. आम्ही त्याला भाऊ म्हणायचो. आता तीस सेकंदांचं घड्याळ असतं. तेव्हा घड्याळ छातीतच असायचं. भाऊचा दम असा, की त्यानं एकदा सूर लावला की समोरचे सातही जण मागं सरायचे. चौघांना लोंबकळत घेऊन मध्यरेषेला हात लावताना मी त्याला बघितलंय.

एकदा आम्ही परगावी अंतिम सामना जिंकला. रात्री यजमानांच्या वाड्यात जेवायला बसलो. पाट मांडलेले. वाढणाऱ्यानं भाऊला बाजूला घेतलं आणि ओसरीखाली वेगळी पत्रावळ दाखवली. आमचे कप्तान, म्हणजे आक्कांचे मालक, ताटावर बसले होते. ते उठले. काही भाषण केलं नाही, आवाज चढवला नाही. एवढंच म्हणाले, "आमचा संघ बारा जणांचा हाय. अकरा जेवत न्हाईत." आम्ही सगळे उठलो. त्या रात्री अठरा किलोमीटर ट्रॉलीत उपाशी आलो. पहाटे आक्कांनी चूल पेटवली आणि बाराही जणांना एका ओळीत बसवून वाढलं. १९७९ ची गोष्ट.

पुढं खेळाच्या जोरावर भाऊला मुंबईत गिरणीत नोकरी लागली. गिरणीचा संघ होता, त्यातून खेळला. १९८२ च्या संपात गिरणी गेली, नोकरी गेली. भाऊ गावाला परत आला, रोजगारावर जायला लागला, आणि संध्याकाळी पोरांना चढाई शिकवायला लागला. आज जी पोरं मला यादी घेऊन भेटली त्यांच्या बापांना भाऊनं शिकवलेलं आहे. २०२० साली तो गेला. कोरोनाचे दिवस. चार माणसं होती मातीला. ज्याच्या चढाईला पाच हजार माणूस ओरडायचा त्याला पोचवायला चार.

वहिनी दारात भेटल्या. मी सांगितलं, असा असा कार्यक्रम आहे, भाऊवर दोन शब्द लिहायचेत. ते परगावचं लिहू का नको, असं मी चाचरत विचारलं. जुन्या जखमा, आज त्या गावचीही माणसं येतील, पोरांना कसं वाटेल.

वहिनी म्हणाल्या, "भावजी, तेच लिवा. पदकं त्यानं कधी कुणाला दावली न्हाईत. नातवंडास्नी तीच रात सांगायचा. बारा जणं उपाशी आले म्हणून."

*

आठ दिवसांनी मी पोरांपुढं यादी ठेवली. अकराची त्रेचाळीस झाली होती. बत्तीवाला, ट्रॉलीवाला, शिट्टी घेऊन उभा राहणारा शाळेतला शिपाई, गुण लिहिणारी दोघं, पाणी आणणारे, मांडव घालणारे, आक्का आणि त्यांच्याबरोबर भाकरी थापणाऱ्या सहाजणी. माजी सरपंच दोघं होतेच, कारण त्यातल्या एकाच्याच काळात तो ठराव झाला होता आणि दुसऱ्यानं मैदानाला पाण्याचा नळ दिला होता. देणगीदार तिघंही ठेवले. ठेकेदाराचं नाव नव्हतं.

पोरं गप्प झाली. मग हिशेब निघाला. त्रेचाळीस शाली, त्रेचाळीस नारळ, त्रेचाळीस ढाली, शिवाय जेवण. आणि ठेकेदाराला गाळला तर एकवीस हजार जाणार. पोरांचं चुकत नव्हतं. पैसा त्यांनाच गोळा करायचा होता. एक जण म्हणाला, "तात्या, त्यांचा एक सत्कार केला तर आपलं काय जातंय?"

मी म्हटलं, "आपलं मैदान जातंय." आणि अण्णांचा कागद पुढं केला.

बराच वेळ तो कागद हातोहात फिरला. शेवटी त्यांच्यातलाच एक, आबांचा पुतण्या, बोलला. म्हणाला, "शाली कॅन्सल करू. शाल घेऊन आबा काय गुडघ्याला गुंडाळणार हाय? जमतील ते पैसे गुडघ्यासाठी ठेवू. आन् इथून पुढं स्पर्धेच्या जमेतनं दहावा हिस्सा जुन्या गड्यांच्या दवाखान्याला."

"मग सत्काराला द्यायचं काय?" दुसऱ्यानं विचारलं.

मी म्हटलं, "नाव घ्यायचं. माणसाला पुढं बोलवायचं आणि त्यानं काय केलं ते एका ओळीत सगळ्या गावाला सांगायचं. ओळ मी लिहितो."

त्रेचाळीस ओळी लिहायला मला नऊ रात्री लागल्या. मोठं मानपत्र लिहिणं सोपं असतं. त्यात "अष्टपैलू", "निष्ठावंत", "आधारवड" असे तयार शब्द असतात, ते कुणालाही बसतात. एका ओळीत मात्र त्या माणसाचंच काहीतरी यावं लागतं. ती ओळ दुसऱ्याला बसली की फाडायची, असा मी नियम केला.

आबांची ओळ अशी झाली: यांनी डाव्या कोपऱ्यात उभं राहून गावाला ढाली दिल्या आणि आपला उजवा गुडघा दिला.

नानांची: यांनी एकही चढाई केली नाही, पण यांनी आखलेल्या रेषेवरून कधी भांडण झालं नाही.

अण्णांची: यांच्या वहीत पैशाचा फरक सापडला नाही आणि यांनी जपलेला कागद आज गावाच्या कामाला आला.

बत्तीवाल्याची: यांनी हवा मारली म्हणून आमचा खेळ लोकांना दिसला.

आक्कांची: यांनी पन्नास वर्षं पाहुण्या संघांना जेवू घातलं आणि एकही सामना पाहिला नाही.

भाऊची: यांचा दम मध्यरेषेच्या पलीकडं कधी तुटला नाही, आणि यांच्या पत्रावळीसाठी १९७९ साली अकरा गडी उपाशी उठले.

*

१५ जुलैला पाऊस होता. मैदानात जमणं शक्य नव्हतं, म्हणून कार्यक्रम शाळेच्या हॉलमध्ये. पोरांनी एक चांगलं केलं. पाहुण्यांच्या खुर्च्या खाली मांडल्या आणि स्टेजवर त्रेचाळीस जणांना बसवलं. जे हयात नव्हते त्यांच्या घरचं माणूस. एक पुढारी आले, क्षणभर स्टेजकडं बघत उभे राहिले, मग पहिल्या रांगेत बसले. शेवटपर्यंत बसले हे त्यांच्याबाबतीत सांगायला पाहिजे. आमच्याकडं पुढारी नारळ फुटायच्या आधी दुसऱ्या कार्यक्रमाला जातो.

ओळी मंडळाच्या पोरींनी वाचल्या. आता गावात पोरींचाही संघ आहे. नाव घेतलं की माणूस उठायचा, ओळ वाचली जायची, लोक टाळ्या वाजवायचे. नाना उठले तेव्हा त्यांनी टोपी काढून हातात घेतली होती. कामाला गेले नव्हते. ओळ संपल्यावर त्यांना वाटलं अजून काही राहिलंय, म्हणून ते उभेच राहिले, आणि लोक टाळ्या वाजवतच राहिले. भाऊची ओळ वाचली तेव्हा मात्र टाळी वाजली नाही. हॉल गप्प झाला. मागून कुणीतरी उभं राहिलं, मग त्याच्या शेजारचा, मग सगळेच. त्या परगावचे चार जण आले होते, तेही उभे राहिले. वहिनींनी पदर तोंडाला लावला नाही. सरळ समोर बघत होत्या.

दुपारी पाऊस उघडला तशी पोरींनी शाळेच्या पटांगणात प्रदर्शनी सामना मांडला. चिखल होताच. आक्कांना खुर्ची टाकून रेषेजवळ बसवलं. भाकरीचं काम त्या दिवशी पोरांनी आचाऱ्याला दिलं होतं. आक्का जन्मात पहिल्यांदा सामना बघत होत्या. पंधरा मिनिटं टक लावून बघितलं आणि मला म्हणाल्या, "आगं बया! एवढ्या मारामारीसाठी मी भाकरी थापत होते व्हय?" पण सामना संपेपर्यंत उठल्या नाहीत. एका पोरीनं तिघींना बाद केलं तेव्हा खुर्चीतून अर्ध्या उठल्या. नंतर त्या पोरीला जवळ बोलावून तिच्या अंगावरचा चिखल पदरानं पुसला.

१५ ऑगस्टच्या ग्रामसभेत गाळ्यांचा विषय आला. अण्णांनी ठरावाची नक्कल वाचली. जुनी माणसं पुढं बसली होती, काठ्या घेऊन. विषय पुढच्या सभेवर ढकलला. रद्द झालेला नाही. पुढारी विषय रद्द करत नाहीत, मुरवत ठेवतात. आम्हीही कागदाच्या पाच प्रती काढून पाच घरी ठेवल्यात. गुडघ्याच्या निधीत अजून पुरते पैसे झालेले नाहीत, पण आबांनी डॉक्टरकडं नवा कागद करायला टाकलाय. यंदाच्या स्पर्धेचा दहावा हिस्सा आणि त्यांचं उसाचं बिल मिळून जमेल असं पुतण्याचं गणित आहे.

मला विचाराल तर एक ओळ म्हणजे काही मोठं देणं नव्हे. ओळीनं गुडघा वाकत नाही आणि मैदान वाचत नाही. पण कोण काय करत होतं हे गावानं मोठ्यानं एकदा म्हटलं, की पुढच्या वेळी ते काम रिकामं पडलं तर डोळ्यांत भरतं. खेळाडू टाळीवर जगतो. मैदान आखणाऱ्याला टाळी लागत नाही, पण आपल्यामागं हे कोण करणार ही काळजी त्यालाच जास्त असते. नानांना मी हीच काळजी करताना कित्येकदा ऐकलंय.

दिवाळीनंतर स्पर्धेची तयारी सुरू झाली. एक दिवस रानातून येताना बघितलं, तर नाना मैदानाच्या कडेला दगडावर बसलेत आणि आठवीतलं एक पोरगं दोरी धरून उभंय. नाना ओरडत होते, "ताण दे, ताण! सैल दोरी खोटं बोलती." पोरगं म्हणालं, "नाना, टेप हाय की शाळेत. दोरी कशाला?" नाना म्हणाले, "टेपनं मोज की मग. आन् मग दोरीनं. दोन्ही सारखं आलं तर फक्की टाक."

पोरानं टेप आणली. मोजलं. गाठीवर बोट ठेवलं, टेपेकडं बघितलं, परत गाठीकडं बघितलं. मग काही न बोलता फक्कीचं घमेलं उचललं.